खोटा पैसा, खरा इतिहास: मेटल डिटेक्टरला सापडणारी बनावट तांब्याची नाणी

लोकलमध्ये रेंज जाते म्हणून ज्यांचा एपिसोड अर्धाच राहतो, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिहून काढलेला भाग. बोलताना झालेलं "अं... म्हणजे..." काढून टाकलंय, बाकी बरंचसं तसंच ठेवलंय.

आजचा विषय खोटी नाणी. पण काल-परवा कुणीतरी बनवलेली नाहीत. त्या काळातच खोटी म्हणून पाडलेली, त्या काळातच बाजारात खपलेली आणि कुणाच्या तरी खिशातून शेतात पडलेली.

कामासाठी मी दोन वर्षं न्यू जर्सीत होतो. तिथे मेटल डिटेक्टिंग हा चांगला रुळलेला छंद आहे. शेतमालकाची परवानगी घ्यायची, हेडफोन लावायचा आणि चालत राहायचं. शंभरातले नव्वद सिग्नल म्हणजे खिळे, बाटलीची झाकणं आणि कोटाची चपटी बटणं. बटण आणि तांब्याचं नाणं मशीनला जवळजवळ सारखंच "ऐकू" येतं, त्यामुळे खणल्याशिवाय कळत नाही. एकदा अशाच एका खड्ड्यातून कळंक चढलेली हिरवट चकती निघाली. एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला बसलेली ब्रिटानिया. इंग्लंडची अर्धी पेनी, तिसरा जॉर्ज. खाली साल १७८७.

आता गंमत बघा. तिसऱ्या जॉर्जच्या सरकारी अर्ध्या पेनीवर १७७० ते १७७५ एवढीच सालं येतात. त्यानंतरची सरकारी अर्धी पेनी निघाली थेट १७९९ साली. म्हणजे १७८७ ची अर्धी पेनी लंडनच्या टांकसाळीत कधी पाडलीच गेली नाही! नुसतं साल वाचलं की केस क्लोज.

साल वाचता येत नसेल तर काटा काढायचा. दागिने तोलायचा छोटा डिजिटल काटा ऑनलाइन स्वस्तात मिळतो. सरकारी नियम होता एका पौंड तांब्यातून ४६ अर्ध्या पेन्या, म्हणजे एक नाणं साधारण ९.८६ ग्रॅमचं. माझं भरलं ७.२ ग्रॅम. जमिनीत राहून नाणं थोडं झिजतं हे मान्य, पण अडीच ग्रॅमपेक्षा जास्त अशीच जात नाहीत. उलटा हिशोब करा: ७.२ ग्रॅमचं नाणं धरलं तर एका पौंडातून ६३ नाणी पडतात. तेवढ्याच तांब्यात १७ नाणी फुकट. धंदा काय होता ते या एका भागाकारात आलं.

पण लोक घ्यायचे कसे? कळत नव्हतं का? बऱ्याच जणांना कळत होतं. प्रश्न सुट्ट्या पैशांचा होता. लंडनच्या टांकसाळीला तांब्याची नाणी पाडण्यात रस नव्हता. १७५४ नंतर अर्धी पेनी कित्येक वर्षं बंद, मग १७७० ते ७५ चालू, परत बंद. दुकानदाराला पाव-भाजीला सुट्टे हवेत, सरकार देत नाही, मग समोर येईल ते नाणं चालवून घ्यायचं. आपल्याकडे सुट्टे नाहीत म्हणून दुकानदार हातावर चॉकलेट ठेवायचे, आठवतंय ना? तसंच, फक्त देशभर आणि अनेक वर्षं. १७८७ साली टांकसाळीने स्वतः चलनातली नाणी तपासली, तेव्हा जेमतेम ८ टक्के अर्ध्या पेन्या खऱ्याच्या जवळपास जाणाऱ्या निघाल्या. आठ!

यात मार कुणाला बसत होता, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. बर्मिंगहॅमचा कारखानदार मॅथ्यू बोल्टन याने १७८९ साली लिहून ठेवलंय की काही मालक चोरट्या टांकसाळवाल्यांकडून २० शिलिंगला ३६ शिलिंगची खोटी नाणी घेतात आणि तीच कामगारांना पगारात देतात. म्हणजे पगार कागदावर पूर्ण, हातात कचरा. कामगार ती नाणी दुकानात घेऊन गेला की दुकानदार नाक मुरडणार. खोटं नाणं "सगळ्यांना फसवतं" असं आपण म्हणतो, पण ते शेवटी ज्याच्याकडे दुसरा पर्याय नसतो त्याच्याच हातात उरतं. न्यूयॉर्कमध्ये १७८९ च्या जुलैत हेच झालं. तांब्याच्या नाण्यांवरचा विश्वास एकदम उडाला, भाव कोसळला, आणि ज्यांची सगळी बचत डब्यातल्या तांब्यात होती ते बसले.

माझं १७८७ चं नाणं बहुधा इंग्लंडचं नाहीच. ही सालं असलेल्या खोट्या अर्ध्या पेन्या न्यूयॉर्क राज्यात न्यूबर्गजवळ एका गिरणीत पाडल्या जायच्या. गिरणी होती कॅप्टन थॉमस मेकिनची. हा माणूस कोण? अमेरिकन सैन्यातला इंजिनिअर. १७७८ साली इंग्रजांची जहाजं अडवायला वेस्ट पॉइंटला हडसन नदीवर आडवी लोखंडी साखळी टाकली गेली, ते काम याने बघितलं. आणि स्वातंत्र्य मिळाल्यावर हाच त्या इंग्रज राजाचं डोकं असलेली खोटी नाणी पाडत बसला! कारण सोपं आहे. नवीन छापाचं नाणं बघून लोक विचारतात "हे काय?" राजाचं डोकं ओळखीचं, कुणी काही विचारत नाही. आज ही "मेकिन्स मिल्स"ची नाणी संग्राहकांकडे खऱ्या अर्ध्या पेनीपेक्षा बऱ्याचदा महाग जातात. त्यामुळे हलकं निघालं म्हणून फेकू नका. आणि घासू तर अजिबात नका. चिंच, पितांबरी, टूथपेस्ट काही नाही. डिस्टिल्ड वॉटर, लाकडी टूथपिक आणि भरपूर पेशन्स. मग अंधारात फोनचा टॉर्च बाजूने आडवा धरून फोटो काढा, पुसट अक्षरं वर येतात. काठावर जोडाची रेघ आणि पृष्ठभागावर बारीक खड्डे दिसले तर नाणं ठशाने पाडलेलं नाही, साच्यात ओतलेलं आहे.

आता मुंबईचा संबंध. बोल्टनला यावर उपाय दिसला: वाफेच्या यंत्रावर नाणी पाडायची, सगळी एकसारखी गोल, एकाच वजनाची, म्हणजे नक्कल करणं परवडणार नाही. त्याच्या सोहो कारखान्यातून इंग्लंडला अशी पेनी मिळाली १७९७ साली. पण ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यासाठी तांब्याची नाणी त्याने १७९१ सालीच पाडली होती. एका बाजूला कंपनीचं चिन्ह, दुसरीकडे तराजू आणि फारसी लिपीत "अदिल". लंडनच्या आधी चांगला पैसा आपल्याकडे!

आणि तरी सगळ्यात जास्त मेसेज मला येतात ते "दादा, घरात १८१८ चं राम दरबारचं कंपनीचं नाणं आहे, किती येतील?" शून्य. राम-सीता किंवा हनुमान असलेलं तांब्याचं नाणं कंपनीने काढलंच नाही. (मद्रासकडे देवांच्या मूर्ती असलेले सोन्याचे होन होते, तो वेगळा विषय.) ते मागाहून बनवलेले टोकन आहेत. त्यांनाच "राइस पुलर" म्हणून विकतात: तांदूळ ओढून घेतं, आत इरिडियम आहे, नासा कोटी देणार, फक्त आधी टेस्टिंगची फी भरा. त्या फीमध्ये लोकांची शेती विकली गेली आहे. घरात कुणी काका-मामा अशा माणसाबरोबर फोनवर बोलत असतील तर आजच थांबवा.

डिटेक्टर घेऊन गडावर जायचं प्लॅनिंग कमेंटमध्ये दिसलं. नको. संरक्षित स्मारकात परवान्याशिवाय खणणं १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि स्वतःच्या शेतात नांगरताना शिवराई किंवा कंपनीचे पैसे निघाले, तरी १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो: १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर काय, कुठे, कधी हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

आजोबांच्या पेटीतलं नाणं असेल तर मात्र बिनधास्त फोटो पाठवा. दोन्ही बाजू, काठ, आणि ग्रॅममध्ये वजन. वजन नसेल तर मी पहिलं तेच विचारणार आहे.