गंधक, मळी आणि विहिरीचे पाणी

मुंबईच्या माहुल परिसरातील तेलशुद्धीकरण कारखाने आणि अहमदनगर (2024 पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील साखर कारखाने यांचा एकमेकांशी काय संबंध, असा प्रश्न कुणालाही पडेल. संबंध आहे, आणि तो या दोन उद्योगांतून निघणाऱ्या दुय्यम पदार्थांमुळे जुळला आहे. एकाला नकोसा झालेला पदार्थ दुसऱ्याच्या उपयोगी पडतो. परंतु या देवघेवीत ज्याला गिऱ्हाईक मिळत नाही ते शेवटी कोठे जाते, हे प्रवरा, मुळा आणि गोदावरीच्या काठी राहणाऱ्या कुटुंबांनी जाणून घ्यावयास हवे.

खनिज तेलात निसर्गतःच गंधक असते. पश्चिम आशियातून येणाऱ्या तेलात त्याचे प्रमाण बरेच असते. हे गंधक इंधनात राहिले, तर वाहनांच्या धुरातून ते हवेत मिसळते. म्हणून शुद्धीकरण कारखान्यात हायड्रोजनच्या साहाय्याने ते वेगळे काढतात. त्यावेळी हायड्रोजन सल्फाइड हा अत्यंत विषारी वायू तयार होतो. त्याचा सुमारे एक तृतीयांश भाग जाळला आणि त्यापासून झालेल्या वायूचा उरलेल्या भागाशी संयोग घडवून आणला, म्हणजे पिवळे शुद्ध गंधक हाती येते. क्लाउस या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत एकोणिसाव्या शतकातील आहे. तिचा वापर वाढला तो मात्र इंधनाविषयीचे नियम कडक झाल्यावर. आपल्या देशात 1 एप्रिल 2020 पासून पेट्रोल व डिझेलमध्ये दहा लाख भागांत जास्तीत जास्त 10 भाग गंधक चालते. जगात आज वापरले जाणारे बहुतेक मूलद्रव्यरूपी गंधक खाणीतून येत नाही, ते तेल आणि नैसर्गिक वायूच्या शुद्धीकरणातून मिळते.

हे गंधक खतांना लागते, द्राक्षबागांतील भुरीवर लागते आणि साखर कारखान्यांनाही लागते. उसाचा रस स्वच्छ करण्यासाठी त्यात चुना घालतात आणि गंधक जाळून तयार केलेला वायू सोडतात. एक टन उसामागे साधारण अर्धा किलो गंधक खर्ची पडते. आपल्या घरातील पांढऱ्या साखरेमागे असा हा तेलाचा हात आहे.

आता उलट दिशेचा प्रवास पाहू. साखर काढून घेतल्यावर टनामागे सुमारे 40 ते 45 किलो दाट काळा द्रव उरतो. त्याला आपण मळी म्हणतो. (रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळालाही आपल्याकडे शेतकरी मळीच म्हणतात. त्यामुळे गावच्या चर्चेत पुष्कळ घोटाळा होतो. या लेखात मळी म्हणजे तो द्रव, आणि गाळाला प्रेसमड म्हटले आहे.) मळी आंबवून आसवनीत अल्कोहोल काढतात. 2001 मध्ये पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रयोग झाले, त्यांत आपल्या शेजारचे मनमाड आणि मिरज ही दोन ठिकाणे होती. जानेवारी 2003 पासून महाराष्ट्रासह काही राज्यांत 5 टक्के मिश्रण सुरू झाले. 2025 मध्ये देशाने 20 टक्क्यांचा टप्पा गाठला. तेल कंपन्या आज साखर कारखान्यांच्या मोठ्या गिऱ्हाईक आहेत.

परंतु एक लीटर अल्कोहोल काढताना आठ ते पंधरा लीटर तपकिरी, आम्लधर्मी, उग्र वासाचे सांडपाणी निघते. यालाच स्पेंटवॉश म्हणतात. सेंद्रिय घाण कुजताना पाण्यातील किती प्राणवायू खाते, यावरून सांडपाण्याची तीव्रता मोजली जाते. गावच्या गटाराच्या पाण्यात हा आकडा लीटरमागे दोनशे-तीनशे मिलिग्रॅम असतो. स्पेंटवॉशमध्ये तो 40 हजारांच्या पुढे जातो. नदीत सोडण्याच्या पाण्यासाठी मर्यादा आहे 30 मिलिग्रॅमची. त्याचा तपकिरी रंग तर जिवाणूंनाही सहजासहजी पचत नाही.

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न नवा नाही. टिळकनगरचा उद्योग 1933 चा, प्रवरानगरचा सहकारी कारखाना 1950 चा. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला जाणाऱ्यांना तेथील बेलापूर कंपनीचा, आता बंद पडलेला, कारखाना ठाऊक आहे. साखरेने या भागाला रोजगार, शाळा आणि दवाखाने दिले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण येथील जमीन काळी आणि खाली फुटीर कातळ. पाणी कातळाच्या भेगांतून चालते. अस्तर नसलेल्या खड्ड्यात साठवलेले सांडपाणी त्याच भेगांनी विहिरीपर्यंत पोहोचू शकते, आणि एकदा रंग उतरलेली विहीर लवकर स्वच्छ होत नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2003 मध्ये उद्योगांशी जो आचारपत्राचा करार केला, त्यानंतर आसवन्यांनी सांडपाणी बाहेर सोडूच नये, अशी दिशा ठरली. त्यासाठी तीन वाटा आहेत. पहिली, बंद टाकीत कुजवून जैववायू काढणे. मात्र तेवढ्याने काम संपत नाही, रंग आणि क्षार तसेच राहतात. दुसरी, प्रेसमडवर फवारून खत करणे. पावसात हे जमत नाही. म्हणून अशा आसवनीला वर्षात 270 दिवसच चालण्याची मुभा असते. तिसरी, आटवून दाट करणे आणि विशेष बॉयलरमध्ये जाळणे. त्यातून वाफ व वीज मिळते, आणि राखेत पोटॅश उरते. म्युरेट ऑफ पोटॅश आपला देश आयात करतो. 2021 मध्ये मळीपासूनच्या पोटॅशला खत अनुदानात स्थान मिळाले आणि 2024 मध्ये टनाला 4,263 रुपये दर ठरला. ऑक्टोबर 2025 मध्ये कोपरगाव तालुक्यातील सहकारमहर्षी शंकरराव कोल्हे कारखान्यात संपीडित जैववायू आणि पोटॅश यांच्या प्रकल्पाचे उद्घाटन झाले. वाहनांना चालणारा असा वायू 2018 च्या योजनेनुसार तेल कंपन्याच विकत घेतात. येथेही गंधक पुन्हा भेटते: या वायूतून हायड्रोजन सल्फाइड काढावाच लागतो.

तेल कारखान्यांतही सगळेच विकले जात नाही. टाक्यांच्या तळाशी साचणाऱ्या तेलकट गाळातून तेल पिळून घेतात. उरलेला धोकादायक कचरा म्हणून नोंदवून अधिकृत ठिकाणी पाठवावा लागतो. आपल्या बाजूच्या उद्योगांसाठी असे केंद्र पुणे-नगर रस्त्यावर रांजणगावला आहे. दोन्ही उद्योगांत एक गोष्ट सारखीच दिसते: जे विकते ते लगेच वसूल होते, जे विकत नाही त्याची वसुली नियम आणि तपासणी यांच्या धाकानेच होते.

म्हणून आसवनीजवळच्या ग्रामस्थांनी दोन कामे करावीत. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखान्याला दिलेल्या संमतिपत्राची प्रत मिळवून साठवण तलावाला अस्तर आहे का, क्षमता किती आणि चालण्याचे दिवस किती, हे पाहावे. आणि पावसाळ्यापूर्वी एकदा, नंतर एकदा, त्याच विहिरीचे पाणी प्रयोगशाळेत तपासून रंग, क्षारता, क्लोराइड व पोटॅशियम यांचे आकडे ग्रामपंचायतीच्या दप्तरी तारखेनिशी ठेवावेत. तक्रार करण्याची वेळ आलीच, तर पाण्याच्या वासापेक्षा हे आकडे अधिक उपयोगी पडतात.