गावचं जुनं घर राहतं करताय? भिंतीला सिमेंट लावण्याआधी हे वाचा

कोकणातलं जांभ्याचं जुनं घर नव्यानं राहण्याजोगं करायचं म्हटलं की पहिला सल्ला मिळतो तो जुना गिलावा पाडून सिमेंट मारण्याचा. घोळ इथेच होतो.

जांभा सच्छिद्र असतो. जुन्या घरांच्या पायात ओल अडवणारा थर सहसा नसतो. त्यामुळे जमिनीतली ओल भिंतीत चढते आणि चुन्याच्या किंवा मातीच्या गिलाव्यातून बाहेर पडते. सिमेंट आणि वर प्लास्टिक पेंट लावला की ही वाट बंद. मग भिंतीवर क्षार फुलतात, पोपडे सुटतात. भिंतीत गेलेली तुळयांची टोकं कुजू लागतात, आणि हे बाहेरून दिसतही नाही.

उपाय जुनाच: चुन्याचा गिलावा, वर चुन्याचीच सफेदी. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत सावकाश घट्ट होतो. गणपती आठ दिवसांवर आले असताना हे काम काढू नये.

बाथरूम माजघराला खेटून नको, मागच्या पडवीत घ्या. वायरिंगसाठी भिंत खोदू नका. पाइप वरूनच न्या. दिसायला बरं नाही, पण दुरुस्ती सोपी. कौलं उतरवून स्लॅब टाकायचा असेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला भिंती दाखवा. मातीतलं बांधकाम स्लॅबच्या वजनासाठी केलेलं नसतं.