एकोणीस डिसेंबरच्या आधीचे

फोंड्याकडच्या एका घरातले दोन चुलतभाऊ. एकाचे वडील 1960 सालचे, दुसऱ्याचे 1963 चे. घर एक, तुळस एक, आजोबा एक. पण पहिल्याचं पोर्तुगीज पासपोर्टचं काम होऊन गेलं आणि दुसऱ्याचं अजून लटकलंय, हे कानावर आलं तेव्हा ही कागदांची कामं चालतात तरी कशी, ते पाहावंसं वाटलं. म्हणून मडगावात अशी कामं करून देणाऱ्या एका एजंटाच्या कार्यालयात जाऊन बसलो.

कार्यालय म्हणजे जिना चढून गेल्यावर एक खोली. दोन संगणक, झेरॉक्सचं यंत्र, आणि खिडकीपाशी भिंग घेऊन बसलेल्या, पंचाहत्तरी ओलांडलेल्या एक बाई. पोर्तुगीज अमदानीत सेगुंद ग्रावपर्यंत, म्हणजे प्राथमिक शाळेपर्यंत शिकलेल्या. बाकीचं सगळं तरुण पोरं करतात. जुनी नोंद वाचायची वेळ आली की कागद बाईंकडे जातो.

आलेल्या प्रत्येकाला पहिला प्रश्न त्यांचाच. "एकोणीस डिसेंबर एकसष्टच्या आधीचा कोण?"

त्या दिवशी गोवा मुक्त झाला. त्याआधी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेल्यांचं नागरिकत्व पोर्तुगाल आजही मानतो, आणि त्यांच्या मुलांनाही ते मागता येतं. भारतानं 1962 च्या आदेशानं याच माणसांना 20 डिसेंबर 1961 पासून आपले नागरिक ठरवलं. माणूस एकच, दावेदार देश दोन.

भावांमधला फरक इथेच पडतो. 1960 वाल्याला वडिलांचा जन्म लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात नोंदवायचा, मग आईवडिलांचं लग्न, मग स्वतःचा जन्म. 1963 वाल्याला एक पिढी मागे जावं लागतं: आधी आजोबांचा जन्म, आजीआजोबांचं लग्न, आणि तिथून खाली उतरत यायचं. "एकसष्टच्या पलीकडे गेलास की कागद दुप्पट," बाई म्हणाल्या.

मी बसलो होतो तेव्हा कुडचड्याहून आलेल्या एका मुलानं आजोबांच्या जन्मनोंदीची प्रत पुढे केली. सरकारी दप्तरातल्या ओलसर, कुबट वासाच्या मूळ वहीवरून काढलेली. वाळवीनं खाल्लेल्या जागा झेरॉक्सवर काळ्या डागांसारख्या उमटल्या होत्या. बाईंनी आधी मजकूर वाचलाच नाही. भिंग नेलं ते समासावर. लग्न, मृत्यू अशा नंतरच्या नोंदी समासात करतात, आणि घोळ सापडला तर बहुधा तिथेच सापडतो. मग मजकूर. तारीख आकड्यात नाही, पूर्ण शब्दांत. आकड्यात खाडाखोड सोपी असते. जन्माची वेळ, आईवडील, मग दोन्हीकडचे आजीआजोबा. एका बाईचं नाव वाचून त्या थांबल्या. मुलानं ते कधी ऐकलंच नव्हतं.

"हिचा काय उपयोग, बाय?"

"उपयोग काही नाही रे पुता. पण आहे ना इथं."

खरा त्रास नावांचा. हिंदूंची नावं कारकुनानं पोर्तुगीज कानांनी ऐकून लिहिलेली. प्रभूचा पोरोब झालेला, शंकरची सुरुवात 'एक्स'नं. शाळेच्या दाखल्यावर इंग्रजी वळणाचा शंकर, आधारवर तिसराच. हे तिन्ही एकच, असं 'वन अँड द सेम'चं प्रतिज्ञापत्र करायचं. तेवढ्यानं भागलं नाही तर मूळ नोंदच दुरुस्त करून घ्यायची. पुढचं भाषांतर, राज्य शासनाचं साक्षांकन आणि परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का हे सगळं त्या मानानं सरळ.

अशा लोकांना गोव्यात 'देश विकायला निघालेत' म्हणणारे कमी नाहीत. मला तसं म्हणवत नाही. समोरचा मुलगा आयटीआय झालेला. काम नाही असं नाही, पण हातात येणाऱ्या पगारात घर उभं राहत नाही. आजोबांच्या जन्मतारखेनं एक दार उघडत असेल तर तो ते ठोठावणारच.

बाई स्वतःही एकोणीस डिसेंबर एकसष्टच्या आधीच्याच. तुम्ही का नाही केलंत, असं विचारलं तर म्हणाल्या, "मला कुठं जायचंय?" आणि पुढचा कागद ओढला.

माझी तक्रार आहे ती भिंतीवरच्या फलकाबद्दल. त्यावर अजून लंडनचा टॉवर ब्रिज आहे. कधीकाळी तो खरा होता. पोर्तुगीज पासपोर्टवर कितीतरी गोंयकार साउथॉलला, स्विंडनला पोहोचले. पण ब्रेक्झिटनंतरची मुदत 31 डिसेंबर 2020 ला संपली आणि त्यानंतर जाणाऱ्याला हा पासपोर्ट इंग्लंडात कामाचा हक्क देत नाही. युरोपीय संघातले देश खुले आहेत, पण त्यांचं चित्र फलकावर नाही. 1955 च्या नागरिकत्व कायद्याचं कलम 9 तर नाहीच नाही. आपण होऊन दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं जातं. मतदान जातं, पासपोर्ट परत करावा लागतो, आणि पुढे आपल्याच गावी परदेशी नागरिक म्हणून ओसीआय कार्डावर राहायचं. हे एजंट सांगतो, नाही असं नाही. पण पैसे ठरल्यावर, फायलीला दोरी बांधता बांधता. ते बाईंच्या पहिल्या प्रश्नाबरोबरच सांगायला हवं. ऐकून बहुतेक जण तरीही जातील. काही जण मात्र जिना उतरून आधी घरी विचारायला जातील, आणि बहुधा म्हणूनच ते सर्वांत शेवटी सांगतात.