चार्जिंगची शिल्लक : मोटारसायकलला जादा दिवे जोडताना

मोटारसायकलवर वीज तयार करणारी जागा एकच असते, ती म्हणजे इंजिनाच्या दांड्यावर बसलेला मॅग्नेट. बॅटरी वीज साठवते, निर्माण करत नाही. मॅग्नेटच्या फिरत्या चाकात आतल्या बाजूने कायमचुंबक बसवलेले असतात आणि मधोमध तांब्याच्या तारेची न फिरणारी गुंडाळी असते. पुस्तकात तिला स्टेटर म्हणतात, गॅरेजमध्ये नुसते ‘कॉइल’. कॉइलमधून निघणारी वीज एसी असते आणि इंजिनाच्या वेगाबरोबर तिचा दाब चढतो-उतरतो. तिची डीसी करायची आणि दाब साधारण साडेचौदा व्होल्टच्या आत राखायचा, हे काम रेक्टिफायर-रेग्युलेटरचे, म्हणजे मेकॅनिकच्या तोंडी असलेल्या ‘आरआर युनिट’चे.

छत्रपती संभाजीनगरला या भागांची ओळख नवी नाही. बजाज ऑटोचा वाळूज येथील कारखाना 1985 साली सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुट्या भागांचे कारखाने वाढत गेले. दुचाकींसाठी मॅग्नेटो आणि इतर विद्युत भाग बनवणाऱ्या व्हॅरॉक कंपनीचे मुख्यालयही वाळूजलाच आहे. रात्रपाळीला याच वाळूजकडे जाणाऱ्या कितीतरी गाड्यांवर हँडलखाली दोन फॉग लाइट, आरशाशेजारी मोबाइल चार्जर आणि मूळच्या जागी जोडीचा मोठा हॉर्न दिसतो. अंधाऱ्या रस्त्यावर उजेड हवा वाटणे रास्तच आहे. प्रश्न एवढाच, की कॉइलला तेवढे ओझे पेलते का.

जुन्या गाड्यांवर हा प्रश्न डोळ्यांना दिसत असे. अनेक जुन्या स्कूटर आणि लहान मोटारसायकलींचा हेडलाइट बॅटरीवर नव्हे, तर थेट कॉइलच्या एसी विजेवर चाले. गाडी रेस केली की लाइट वाढे, सिग्नलला थांबली की मंदावे. त्यामुळे कॉइल किती वीज देत आहे, हे चालवणाऱ्याला न सांगता कळे. अशा गाडीच्या हेडलाइटच्या वायरवर डीसीचा एलईडी किंवा चार्जर जोडला तर तो लुकलुकतो किंवा जळतो. जुनी गाडी हाती असेल तर दिवा एसीवर आहे की डीसीवर, हे आधी पाहावे. नव्या गाड्यांत सगळे डीसीवर चालते. कॉइल कमी पडली तर तूट बॅटरी गुपचूप भरून काढते आणि दिवा मंदावत नाही. म्हणून ओझे जास्त झाल्याचे महिना-दोन महिने कळत नाही. मग एके दिवशी सेल्फ लागत नाही, आणि दोष बॅटरीच्या माथी मारला जातो.

गाडीच्या माहितीपुस्तिकेत कॉइलची क्षमता वॅटमध्ये दिलेली असेल, तर तिच्यासोबत इंजिनाचा वेगही वाचावा. हा आकडा बहुधा मिनिटाला 5000 फेऱ्यांच्या आसपासचा असतो. गाडी न्यूट्रलवर उभी असते तेव्हा इंजिन मिनिटाला 1200 ते 1400 फेरेच करत असते आणि उत्पादन त्या आकड्याच्या बरेच खाली येते. भारतात 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींना इंजिनाबरोबर आपोआप लागणारा हेडलाइट बंधनकारक झाला, त्यामुळे दिवसाही तो भार सुटत नाही. 2020 सालच्या बीएस-6 नियमांनंतर बहुतेक मोटारसायकलींवर कार्ब्युरेटरच्या जागी इंधन इंजेक्शन आले. म्हणजे इंधन पंप, इंजेक्टर आणि ईसीयू हेही आता कॉइलवरच पोसले जातात. नव्या गाडीवर जादा उपकरणांसाठी जागा उरते ती या सगळ्यांनंतर.

एक कल्पित पण नेहमीच्या बेताची गाडी घेऊन हिशेब मांडता येतो. तिची कॉइल वेगात 180 वॅट आणि न्यूट्रलला 90 वॅट देते असे धरू. हेडलाइट 35 वॅटचा, मागचा दिवा आणि मीटर मिळून 10, इंजेक्शन आणि इग्निशन 45, असे 90 वॅट सतत लागतात. सिग्नलला ब्रेक दाबला की 21 वॅटचा दिवा लागतो आणि एका बाजूचे इंडिकेटर लुकलुकत सरासरी 10 वॅट घेतात. गरज 121 वर गेली, मिळकत 90 आहे. वरचे 31 वॅट, म्हणजे सुमारे अडीच अँपिअर, बॅटरी देते. कंपनीने सोडलेली गाडीसुद्धा सिग्नलला थोडी उसनवारी करतच असते. सगळे सिग्नल मिळून दहा मिनिटे थांबावे लागले, तर बॅटरीतून 0.4 अँपिअर-तास जातात आणि मोकळ्या रस्त्यावर चार-पाच मिनिटांत ते परत भरून येतात.

याच गाडीला प्रत्येकी 20 वॅटचे दोन फॉग लाइट आणि 10 वॅटचा चार्जर लावला, तर सिग्नलवरची गरज 171 वॅट होते. तूट 81 वॅटची, म्हणजे साडेसहा अँपिअरची. त्याच दहा मिनिटांत आता 1.1 अँपिअर-तास जातात. पाच अँपिअर-तासांच्या लहान बॅटरीचा हा पाचवा हिस्सा झाला. वेगात असताना मात्र 180 मधून 140 जाऊन फक्त 40 वॅट शिल्लक राहतात, तेव्हा झालेली तूट भरायला साधारण 25 मिनिटे सलग धावावे लागते. सिडकोतून जालना रोडने, क्रांती चौकावरून, नगर नाक्याच्या गर्दीतून वाळूजला जाणाऱ्याला अशी सलग 25 मिनिटे मिळतच नाहीत. तीच गाडी वेरूळ किंवा कन्नडकडे तासभर धावली तर तिला काही होत नाही. उपकरणे तीच, गाडी तीच. फरक फक्त थांबण्याचा आहे. म्हणून जादा भाराचा हिशेब नेहमी न्यूट्रलवरच्या आकड्याने करावा. हायवेवरचा आकडा पाहून केलेली खरेदी शहरात महाग पडते.

यावर सर्रास सुचवला जाणारा उपाय म्हणजे मोठी बॅटरी. पैठणच्या जायकवाडी धरणातून येणारे पाणी काही दिवसांच्या अंतराने मिळणाऱ्या या शहरात त्यातली उणीव समजावून सांगायची गरज पडू नये. गच्चीवरची टाकी मोठी केली म्हणून नळाला पाणी जास्त येत नाही. टाकी रिकामी व्हायला दोन दिवस जास्त लागतात इतकेच. मोठ्या बॅटरीने सेल्फ न लागण्याची तक्रार थोडी पुढे ढकलली जाते, रोजची तूट कायम राहते. आणि अर्धवट भरलेल्या अवस्थेत पडून राहणाऱ्या शिसे-आम्लाच्या बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर बसतो, तो नंतरच्या चार्जिंगने पूर्ण निघत नाही.

दुसरा समज उलट टोकाचा आहे, की जादा दिवे लावले की कॉइल जळते. कित्येक गाड्यांवरचे आरआर युनिट शंट पद्धतीचे असते. दाब ठरलेल्या मर्यादेवर गेला की ते कॉइलची टोके एकमेकांशी जोडते आणि न लागणारी वीज कॉइलमध्येच फिरत ठेवते. म्हणजे दिवे असोत वा नसोत, अशी कॉइल जवळजवळ पूर्ण प्रवाहावर चालत असते. जादा उपकरणांमुळे जळतात त्या वायरी, इग्निशन स्विचचे संपर्क आणि कपलर, आणि तेही जोडणी चुकल्यामुळे.

मोजमापाला डीसी व्होल्ट दाखवणारा साधा मल्टीमीटर पुरतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीच्या टोकांवर 12.6 ते 12.8 व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली आहे. इंजिन चालू करून मिनिटाला 3000 ते 4000 फेऱ्यांवर 13.8 ते 14.5 मिळावेत. 15 च्या वर जात असेल तर आरआर युनिट बिघडले आहे आणि नवे काही जोडण्याआधी ते बदलणे भाग आहे. खरी परीक्षा त्यानंतरची: इंजिन न्यूट्रलवर, हेडलाइट चालू, ब्रेक दाबलेला, जादा दिवे लावलेले. अशा वेळी 13.2 च्या वर आकडा टिकला तर भार पेलतो आहे. 12.8 च्या खाली घसरला तर बॅटरी खर्ची पडते आहे. प्रवाह मोजायचा असेल तर डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर वापरावा. बऱ्याच मल्टीमीटरची प्रवाहाची मर्यादा 10 अँपिअर असते, आणि तो बॅटरीच्या वाटेत जोडून चुकून सेल्फ मारला तर मीटरचा फ्यूज उडतो.

एलईडीच्या खोक्यावर छापलेल्या वॅटवर मात्र विसंबू नये; प्रत्यक्ष प्रवाह मोजून त्याला व्होल्टने गुणावे. मूळ भार कमी करणे हा शिल्लक वाढवण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. 21 वॅटच्या ब्रेक बल्बच्या जागी दोन-तीन वॅटचा एलईडी बसवला की सिग्नलवरचे जवळजवळ 18 वॅट मोकळे होतात. इंडिकेटर एलईडी केले तर फ्लॅशरही बदलावा लागतो, नाहीतर ते भराभर लुकलुकतात. हेडलाइटच्या हॅलोजन रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब घालणे मात्र टाळलेले बरे. रिफ्लेक्टर हॅलोजनच्या तंतूच्या जागेनुसार घडवलेला असल्यामुळे उजेड फाकतो आणि तो समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो.

जोडीचे हॉर्न दहा अँपिअरपर्यंत घेतात, पण क्षणभरच. चार्जिंगवर त्यांचा भार नगण्य. एकामागून एक वेगवेगळे सूर काढणाऱ्या हॉर्नला केंद्रीय मोटार वाहन नियमांनी बंदी आहे. चोरीच्या भीतीने बसवलेला जीपीएस ट्रॅकर हॉर्नच्या नेमका उलट: अगदी थोडे घेतो, पण चोवीस तास घेतो. 20 मिलिअँपिअर दराने दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-तास जातो. दिवाळीला गावी गेलेल्याची पाच अँपिअर-तासांची बॅटरी पाच दिवसांत अर्ध्यावर येते. मोबाइल चार्जर चावीनंतर सुरू होणाऱ्या वायरवर घ्यावा, नाहीतर तोही असाच झिरपत राहतो.

जोडणी करताना फॉग लाइटची वायर हेडलाइटच्या वायरला सोलून गुंडाळणे ही सर्वांत वाईट सवय. मूळ वायर आणि स्विच मोजक्याच प्रवाहासाठी दिलेले असतात. बॅटरीच्या धन टोकापासून वेगळी वायर काढावी आणि वीतभर अंतराच्या आत तिच्यावर फ्यूज बसवावा. फ्यूज लांब दिव्याजवळ बसवला तर अलीकडची वायर सीटखाली घासून शॉर्ट झाल्यावर तिला कुणी वाचवत नाही. 40 वॅटला तीन अँपिअरच्या आसपास लागतात, तेथे 5 अँपिअरचा फ्यूज योग्य. मधे रिले घ्यावा: 30 क्रमांकाच्या टोकाला फ्यूजवरून आलेली वायर, 87 वरून दिवे, 85 अर्थिंगला, आणि 86 ला चावीनंतरची वायर हँडलवरच्या लहान स्विचमधून. अशा जोडणीत चावीच्या स्विचमधून रिलेपुरता किरकोळ प्रवाहच जातो. त्या लहान स्विचचा उपयोग सिग्नलला थांबल्यावर फॉग लाइट बंद करण्यासाठीही होतो; वरच्या हिशेबातली तूट तेवढ्याने निम्म्यावर येते.

वायरची जाडीही तितकीच मोलाची. 0.5 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरमधून, जाऊन-येऊन चार मीटरच्या वाटेवर, दहा अँपिअर नेले तर जवळपास 1.4 व्होल्ट वाटेतच उडून उष्णता होतात. तीच वायर 1.5 चौरस मिलिमीटरची घेतली तर घट अर्ध्या व्होल्टच्या आत राहते. आरआर युनिट त्याच्या ॲल्युमिनियमच्या पंखांवर लागणाऱ्या वाऱ्याने थंड राहते. मराठवाड्यात मे महिन्यात पारा 40 अंशांच्या वर असतो, तेव्हा नव्या वायरींचा गुंता किंवा साइड बॅग त्याच्यावर टेकणार नाही, असे पाहावे.

काम झाल्यावर बॅटरीवरचे आणि दिव्याच्या कपलरवरचे व्होल्ट, दिवे चालू ठेवून, लिहून ठेवावेत. पहिल्या पावसानंतर तीच दोन मापे पुन्हा घ्यावीत. दोन्हींमधला फरक आधीपेक्षा वाढला असेल तर फ्रेमवरचा अर्थिंगचा बोल्ट सोडवून, खालचा रंग आणि गंज खरवडून, तो पुन्हा आवळावा.