पावलाला सवय लागेपर्यंत

बुटाबरोबर आलेला इनसोल आधी उपसून काढायचा आणि मगच नवा बसवायचा. कोथरूडमध्ये राहणाऱ्या, बँकेत नोकरी करणाऱ्या 43 वर्षांच्या एका धावपटूने पहिल्या दिवशी नेमके हेच केले नाही. खास मापाने करून घेतलेले इनसोल तिने जुन्यावरच ठेवले, लेस आवळली आणि सोसायटीच्या आवारात दोन फेऱ्या मारल्या. टाच बुटातून वर निसटत होती, बोटांवर बूट दाटत होता. पैसे पाण्यात गेले, असे वाटून ती त्याच संध्याकाळी क्लिनिकमध्ये परत गेली. तिथल्या ऑर्थोटिस्टने, म्हणजे अशी आधारसाधने घडवणाऱ्या तज्ज्ञाने, बूट हातात घेतला, दोन बोटे आत घालून जुना इनसोल खसकन बाहेर ओढला आणि नवा त्या जागी बसवला. टाच जागेवर आली.

तिचे दुखणे पुण्यातल्या कितीतरी धावपटूंच्या ओळखीचे आहे. सकाळी पलंगावरून उतरून पहिले पाऊल टाकले, की टाचेच्या आतल्या बाजूला खिळा रुतल्यासारखी कळ यायची. न्हाणीघरापर्यंत लंगडत जायचे, पुढे दहा-बारा पावलांत पाय मोकळा व्हायचा. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखालून एक जाड, चिवट पट्टा जातो. त्याला प्लांटर फॅशिया म्हणतात. तळपायाची कमान पेलण्यात त्याचा मोठा वाटा असतो. रात्रभर आखडलेला हा पट्टा पहिल्या पावलासरशी ताणला जातो, म्हणून पहिले पाऊल सर्वांत वाईट.

पळताना पायावर पडणारा भार शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट असतो. मिनिटाला 165 पावले धरली, तर 35 मिनिटांत पाच किलोमीटर पळणारी व्यक्ती प्रत्येक पाय जवळपास 2,900 वेळा जमिनीवर टेकवते. त्यात रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो. रोज एकाच कडेने पळणाऱ्याचा एक पाय कायम खाली पडतो. लॉ कॉलेज रस्त्याच्या कडेने अनेक महिने पळाल्यावर आपली डावी टाचच का दुखते, हे तिला फार उशिरा उमगले.

ओल्या पायाने शहाबादी फरशीवर उमटलेला ठसा बघून पाऊल सपाट आहे की नाही, हे घरोघरी ठरवले जाते. तिचा ठसा भरलेला होता, मधली खोबण जवळजवळ नव्हतीच. पण सपाट पाऊल हा काही आजार नव्हे, हे ठासून सांगायला हवे. सपाट पावलांची कितीतरी माणसे आयुष्यभर बिनतक्रार चालतात आणि पळतातही. ठसा बघून नव्हे, तर दुखणे बघून इनसोल द्यायचा असतो. आधी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला पाय दाखवावा आणि मगच मापाला जावे, हा क्रम उलटा करून चालत नाही.

पुण्याला या कामाचा जुना वारसा आहे. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांसाठी 1944 साली इथे लष्कराचे आर्टिफिशियल लिंब सेंटर सुरू झाले. कृत्रिम हातपायांबरोबर पाऊल, घोटा, गुडघा यांना आधार देणारी साधनेही तिथे घडतात. धावपटूच्या बुटातला इनसोल हे त्याच विद्येचे धाकटे भावंड.

माप घेण्याची तऱ्हा बघण्यासारखी असते. फुलवाल्याकडे गुलदस्त्याच्या बुडाशी असतो तसा ठिसूळ फोम एका चपट्या पेटीत भरलेला असतो. ऑर्थोटिस्ट खुर्चीवर बसलेल्या माणसाचा पाय घोट्याशी धरतो, घोटा आत किंवा बाहेर कललेला नाही ना हे अंगठ्याने चाचपतो, आणि मग गुडघ्यावर दाब देत पाऊल फोममध्ये उतरवतो. करकर असा बारीक आवाज येतो. पाय उचलला, की टाच, चवडा आणि पाचही बोटे तिथे कोरलेली दिसतात. हल्ली बऱ्याच ठिकाणी स्कॅनर हेच काम करतो. पुढे त्या ठशावरून साचा, साच्यावर तापवून दाबलेले ईव्हीए किंवा पॉलिप्रॉपिलीन, आणि शेवटी ग्राइंडर. सगळी कसोटी इथे लागते. कमान एखाद-दोन मिलिमीटर जास्त राहिली, तरी पळणाऱ्याला ती बुटात खडा गेल्यासारखी जाणवते.

“ताई, पहिल्या दिवशी एक तास घाला. रोज तासभर वाढवा. पूर्ण दिवस सहज निघाला, की मग थोडं पळून बघू,” ऑर्थोटिस्टने सांगितले.

“पण सर, डिसेंबरात मॅरेथॉन आहे.”

“डिसेंबर कुठे पळून जात नाही. ओढल्यासारखं, थकल्यासारखं वाटलं तर चालेल. टोचलं, बधिर झालं, गुडघा दुखायला लागला, तर काढून ठेवा आणि फोन करा.”

रोज तासभर वाढवणे ऐकायला सोपे वाटते. मराठी घरात ते किती अवघड आहे, हे पहिल्याच आठवड्यात कळले. इनसोल बुटात असतो आणि बूट उंबऱ्याबाहेर. बँकेत सँडल, घरात अनवाणी, मग तास मोजायचे कुठे? शेवटी तिने एक नवा जोड फक्त घरासाठी घेतला, रस्त्याची धूळ न लागलेला. सासूबाईंनी तो स्वयंपाकघरापर्यंत चालवून घेतला, देवघरापाशी मात्र काढून ठेवायचा. कणीक मळताना, भाजी फोडणीला टाकताना ती बुटातच उभी राहू लागली. इनसोल या बुटातून त्या बुटात फिरायचे.

चौथ्या दिवशी पोटऱ्या जड झाल्या. सहाव्या दिवशी उजव्या तळव्याच्या आतल्या कडेला रुपयाच्या नाण्याएवढा लाल डाग पडला. दुखणारा पाय डावा आणि कुरकुर करणारा उजवा! तिने निळ्या पेनाने त्या डागाला गोल केले आणि लगेच पाय बुटात घातला. कापडी आवरणावर निळी खूण उमटली. ऑर्थोटिस्टने आवरण थोडे उचकटले, खुणेखालचा भाग ग्राइंडरवर क्षणभर टेकवला, अंगठा फिरवून पाहिला, पुन्हा टेकवला. राखाडी भुकटी उडाली. काम पाच मिनिटांचे, पण त्याशिवाय तो इनसोल कपाटात जाऊन पडला असता. पुण्यातल्या किती कपाटांत असे इनसोल पडून असतील, या विचाराने वाईट वाटते. मापावर लोक खर्च करतात, दुरुस्तीच्या फेरीचा मात्र कंटाळा करतात.

तिसऱ्या आठवड्यात ती पळाली. तेही एक मिनिट पळणे, दोन मिनिटे चालणे, असे वीस मिनिटे. त्यासाठी तिने पेव्हर ब्लॉकचा पदपथ सोडून महाविद्यालयाचे सपाट मैदान निवडले. वेताळ टेकडीची वाट दगडांची आणि चढउताराची, ती दीड महिना दूर ठेवली. हे सर्वांत जड गेले. पहाटेच्या टेकडीवरची मोरांची केका आणि खाणीजवळ भेटणारी मंडळी यांच्यासाठी तर ती पळायला लागली होती.

इनसोल नेमके किती काम करतो, याबद्दल संशोधन सावध आहे. ऑस्ट्रेलियात 135 रुग्णांवर झालेली एक चाचणी 2006 साली प्रसिद्ध झाली. तीत तयार आणि मापाचे, दोन्ही इनसोल वापरणाऱ्यांची हालचाल तीन महिन्यांनी थोडी सुधारलेली दिसली; वर्षभराने नावापुरता इनसोल वापरणाऱ्यांत आणि त्यांच्यात ठळक फरक उरला नाही. म्हणजे अनेकांना साधा तयार इनसोलही पुरेल, आणि कोणताही इनसोल घातला तरी पायाला बळ कमवावेच लागेल. डेन्मार्कमधल्या एका चाचणीत 48 रुग्णांपैकी एका गटाने इनसोलबरोबर बळ वाढवणारा एक व्यायाम केला, दुसऱ्याने तळव्याला ताण दिला. तीन महिन्यांनी व्यायामाचा गट पुढे होता.

तो व्यायाम तिने जिन्याच्या पायरीवर सुरू केला. पंचाची घट्ट गुंडाळी बोटांखाली, टाच पायरीबाहेर, एका पायावर उभे राहायचे. तीन सेकंदांत वर, दोन सेकंद थांबायचे, तीन सेकंदांत खाली. एका वेळी बारा, एक दिवसाआड. डाव्या पायाचे सुरुवातीला सातच व्हायचे.

नवव्या आठवड्यात सकाळचे पहिले पाऊल दुखले नाही. दुसऱ्या दिवशी दुखले, मग चार दिवस नाही. डिसेंबरची पूर्ण मॅरेथॉन तिने सोडली. 1983 पासून पुण्यात भरणारी ही शर्यत पुढेही होईलच. तिने दहा किलोमीटरची तयारी धरली.

अकराव्या आठवड्यात ती टेकडी चढून आली आणि तशीच क्लिनिकमध्ये गेली. इनसोल काढून टेबलावर ठेवले. आवरणावर अंगठ्याचा आणि टाचेचा काळपट ठसा बसला होता. डावा थोडा गडद, बाहेरच्या कडेला झिजलेला. ऑर्थोटिस्टने तो खिडकीच्या उजेडात धरला, कडेवरून नख फिरवले आणि ग्राइंडरचे बटण दाबले.