६४ अँटेना, १६ मोबाइल आणि एक २९ अंकी संख्या

५जीच्या टॉवरवरच्या त्या चपट्या पेटीत बरेचदा ६४ अँटेना-साखळ्या असतात. समजा १६ मोबाइल एकाच वेळी, एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलतायत. प्रत्येक अँटेनाला सोळाही जणांचा कालवा एकत्र ऐकू येतो. कोण काय म्हणालं, हे वेगळं कसं काढायचं?

सगळ्यात अचूक उपाय म्हणजे प्रत्येक शक्यता तपासणं. ६४-क्वॅम या मॉड्युलेशनमध्ये प्रत्येक मोबाइलच्या सिग्नलचे ६४ पर्याय, म्हणजे एकूण ६४ चा १६ वा घात. ही संख्या २९ अंकी आहे! आणि उत्तर हवं मिलिसेकंदाच्या आत. सोडून द्या.

म्हणून एमएमएसईसारख्या (सरासरी वर्ग-त्रुटी किमान ठेवणाऱ्या) रेषीय पद्धती. त्यात १६×१६ च्या मॅट्रिक्सचा व्यस्त काढावा लागतो. मोबाइल दुप्पट झाले की काम साधारण आठपट.

खरी गंमत इथे आहे. अँटेना मोबाइलपेक्षा खूप जास्त असल्या की वेगवेगळ्या मोबाइलचे चॅनल (मोबाइलपासून अँटेनांपर्यंतचे सिग्नलचे मार्ग) एकमेकांना जवळजवळ लंब होतात. संशोधक मार्झेटा यांच्या २०१० च्या गाजलेल्या पेपरचा पायाच हा. मग मॅट्रिक्सचा कर्ण भारदस्त आणि बाकीच्या नोंदी किरकोळ होतात, त्यामुळे व्यस्त न काढताही भागतं. व्यस्ताचा अंदाज पदापदाने काढणारी नॉयमन श्रेणी त्यासाठीच वापरतात, पण तिचं तिसरं पद घेतलं की खर्च पुन्हा पूर्वपदावर! मला फेरीगणिक उत्तर सुधारत नेणारी गाउस-सायडेल पद्धत जास्त आवडते. कागदावर सोडवायची ती जुनीच रीत, दोन-तीन फेऱ्यांत एमएमएसईच्या जवळ पोचते. फक्त प्रत्येक पायरी आधीच्या उत्तरावर अडून बसते, त्यामुळे चिपवर समांतर चालवणं कटकटीचं. आणि मोबाइल वाढून अँटेनांच्या निम्म्यावर गेले, की या फेऱ्याही रेंगाळतात.