तिळारीच्या काठची गावे

सह्याद्रीत उगम पावून दोडामार्गाच्या खोऱ्यातून उतरणारी तिळारी गोव्यात शिरते ती डिचोली तालुक्यातील साळ आणि पेडणे तालुक्यातील इब्रामपूर, हणखणे या गावांच्या कुशीतून. पुढे चांदेल, हळर्णचा शिवार ओलांडून कोलवाळ, शिवोलीमार्गे ती शापोऱ्यापाशी समुद्रास मिळते, तेव्हा तिचे नावही बदललेले असते. घाटावर मुसळधार कोसळत असताना खाडीत भरती चढलेली असली, की उतरत्या पाण्यास वाट उरत नाही आणि ते काठच्या बागायतीत पसरते. या गावांना पूर नवा नाही. पाणी कोणत्या आंब्यापर्यंत आले म्हणजे गुरे सोडावीत, हे सांगणारी जाणती माणसे तेथे आहेत. पण अलीकडच्या पुरांना जुने आडाखे पुरेसे पडेनासे झाले आहेत, ही चिंतेची बाब आहे.

ऑगस्ट 2019 मध्ये साळपासून चांदेलपर्यंत घरांत पाणी शिरले, कुटुंबे हलवावी लागली, केळीच्या बागा भुईसपाट झाल्या. पावसाला तिळारी धरणातून सोडलेल्या पाण्याची जोड मिळाली होती आणि त्याची वर्दी वेळेवर पोहोचली नाही, अशी काठच्या शेतकऱ्यांची तक्रार होती. त्यातून सावरतात न सावरतात तोच ऑक्टोबरात ‘क्यार’ चक्रीवादळाच्या पावसाने गोव्यातील पिकलेले भात आडवे केले. 2021 च्या मे महिन्यात ‘तौक्ते’ येऊन गेले आणि 23 जुलैस पुन्हा पूर आला. 1982 नंतरचा हा सर्वांत मोठा पूर, असे मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनीच त्या वेळी सांगितले. दोन वर्षांत चार तडाखे! एखाद्या शहरावर ते कोसळले असते तर आयोग नेमला गेला असता.

धरण हे गोवा व महाराष्ट्र यांनी 1990 च्या करारान्वये भागीदारीत उभारलेले. त्याच्या पाण्याने शेते भिजतात, पेडण्याला पिण्याचे पाणी मिळते, हे आम्ही विसरत नाही. मात्र धरण महाराष्ट्राच्या हद्दीत आणि सांडव्याच्या पाण्याचा फटका गोव्याच्या गावांनाही, या विचित्र स्थितीची दखल वाटणीच्या हिशेबाइतक्याच काटेकोरपणे घेतली गेली पाहिजे. जुलैअखेर जलाशय काठोकाठ भरू दिला तर पुढच्या पावसाला जागा कोठे राहणार? थोडी पोकळी राखणे म्हणजे उन्हाळ्यासाठीचे पाणी काही अंशी पणाला लावणे, हे खरे. पण तो जुगार आज काठावरच्या माणसाच्या घरावर खेळला जातो, हेही तितकेच खरे.

साखळीत वाळवंटीच्या काठी संरक्षक भिंती आल्या, बाजारातील पाणी उपसण्यास पंप आले. ते योग्यच झाले. डिचोलीतील खाणपट्ट्याची गोष्ट निराळी; तेथे ओहोळांत उतरलेल्या खाणमातीने शेतांचा पोतच बिघडवला. साळ-इब्रामपूरच्या वाट्याला मात्र ना भिंत आली, ना पंप.

सर्वांत कठीण प्रश्न नुकसानीचा. केळीच्या मुळाशी पाणी तुंबले की झाड उभे दिसले तरी गड्डा कुजतो. म्हणजे वर्षाची मेहनत आणि पुढची लागवड दोन्ही गेली. शेतकरी आधार निधीतून मदत मिळते, परंतु ती मागताना एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव लागते. पेडण्यात पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणाऱ्या कितीतरी कुळांचे अर्ज मामलेदार कचेरीत पडून आहेत. ज्याचे केळे वाहून गेले त्याचे नाव कागदावर नाही आणि ज्याचे कागदावर आहे त्याने त्या मातीत पाय टाकलेला नाही! निदान पुराच्या पंचनाम्यात तरी प्रत्यक्ष कसणाऱ्याची नोंद तलाठ्याने करावी, यासाठी कायदा बदलण्याची वाट पाहण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

आणि धरणाचा साठा किती, पाणी केव्हा सोडणार, ते साळला किती तासांत पोहोचेल, हे सांगणारा फलक पावसाळाभर दररोज या चारही गावांत लागला पाहिजे. त्यास निविदा काढावी लागत नाही. खडू आणि दूरध्वनी पुरेसा आहे.